तीन घरांची निवटी

आमच्या घरातल्या पेन्सिलींना दोन्ही बाजूंनी टोक असे. एक टोक बोथट झालं की बाबा पेन्सिल उलटी करत आणि लिहीत राहत. टोक काढायला मधेच उठलं तर हाताशी आलेला शब्द निसटतो, असं त्यांचं म्हणणं. त्या पेन्सिली खिशात ठेवता येत नसत, टोचत; म्हणून फडताळावर मिठाच्या बरणीशेजारी एका फुटक्या कपात उभ्या असत आणि त्यांना कायम सुक्या जवळ्याचा वास येई. अजूनही नवी पेन्सिल हातात घेतली की मला तिच्यात काहीतरी कमी वाटतं. घर कळव्याला, खाडीच्या अंगाला होतं. बैठ्या घरांची एक रांग, पुढे ओटे, मागे चिखल आणि चिखलापलीकडे खारफुटी. बाबा रोज सकाळी डबा घेऊन पूल चालत ओलांडून ठाण्यात जात. टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत एका दैनिकाचं ऑफिस होतं आणि त्याच्याच पोटात छापखाना, तिथे ते प्रुफं तपासत. दैनिक लहान, ठाण्यापासून कल्याणपर्यंतच वाचलं जाणारं, आता कधीच बंद पडलेलं. त्याच्या रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर शब्दकोडं येई. ते बाबा रचत. खाली नाव कोणाचंच नसे.

बाबांना बोलताना मी फार ऐकलेलं नाही, मोजताना ऐकलंय. बोटाच्या पेरांवर अंगठा सरकवत ते पुटपुटत, "पा, टी, ल. तीन." जेवताना, दाढी करताना, पाहुण्यांसमोरसुद्धा. मामा एकदा तावातावाने जमिनीचं काहीतरी सांगत होते आणि बाबांचा अंगठा पेरांवर चालूच. मामांना वाटलं, हे हिशेब करताहेत. हे प्रत्यक्षात "तावातावाने"ची अक्षरं मोजत होते. मला त्याचा फार राग येई. शाळेतून काही मोठं सांगायला यावं, तर ते ऐकता ऐकता माझ्याच वाक्यातला एखादा शब्द उचलून नेत आणि बाकीची मी तिथेच उभी राहत असे.

कोड्यांविषयी विचारलं की मात्र गडी खुले. चौकटीचं कोडं आपलं नव्हे, ते परदेशी वर्तमानपत्रांतून इकडे आलं, तेही फार जुनं नाही. पहिलं तर म्हणे हिऱ्याच्या आकाराचं होतं आणि त्यात काळी घरंच नव्हती. आडव्या-उभ्या चौकटींना ते घरंच म्हणत. इंग्रजीत एका घरात एक सुटं अक्षर राहतं. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी सगळा संसार एकाच घरात. "त्यांची घरं एकट्याची, आपली कुटुंबाची," असं म्हणून ते स्वतःच हसत. त्यांच्या लहानपणी बक्षिसाच्या कोड्यांचं खूळ होतं, माणसं कुपनं भरभरून पाठवत आणि निकालाच्या दिवशी कामावर जात नसत. मग शब्दांची शिडी, ज्यात दर पायरीला एक अक्षर बदलत खालच्या शब्दावरून वरच्या शब्दावर जायचं, अक्षरांची फिरवाफिरव, अक्षरांच्या गर्दीत लपवलेली गावं नि नद्या. सूत्रातच फसवणूक असलेलं गूढ कोडंही असतं, पण ते त्यांना आवडत नसे. सूत्र म्हणजे शब्द ओळखायला दिलेली छोटी ओळ. वाचकाला दमवावं, फसवू नये, हा त्यांचा बाणा. आणि ह्या सगळ्यांच्या आधीचं कोडं म्हणजे तोंडी घातलेलं. लग्नात नाव घ्यायचा उखाणा मुळात तेच, असं ते सांगत. एवढं सगळं सांगून झालं की पुन्हा गप्प.

आईला ह्यातल्या कशाचं कौतुक नव्हतं. ती कळव्याच्या बाजारात मासळी घेऊन बसे. सकाळची विक्री आटोपून आली की पाय धुऊन आधी स्टोव्हला पंप मारी. तो स्टोव्हचा भर्रर्र आवाज, त्यावर भाताच्या झाकणाची फडफड आणि मागच्या चिखलावर बगळ्यांची भांडणं, हीच आमच्या दुपारची वाजंत्री. जेवण ठरलेलं: तांदळाची भाकरी, कालवण, कधी करंदी, कधी नुसतीच सुकट कांद्यावर परतलेली. आणि ओहोटीला कोणी चिखलात उतरलं असेल तर निवट्या. निवटी म्हणजे बोटाएवढा मासा, डोळे डोक्यावर, पाणी ओसरलं की चिखलावर टुणटुण उड्या मारतो आणि खारफुटीच्या मुळांवर चढून बसतो. पकडायला महाकठीण. कैरी घालून केलेलं त्याचं कालवण बाबा बोटं चाटून खात आणि तेव्हा मात्र काही मोजत नसत.

आई शाळेत थोडी गेलेली, अक्षर अक्षर लावून वाचे. बोले मात्र पूर्ण तिच्या गावची कोळी बोली. बाबाही त्याच बोलीत वाढलेले, पण लोकांची प्रुफं तपासता तपासता त्यांनी स्वतःचंही प्रूफ तपासून टाकलं होतं. घरातसुद्धा पुस्तकासारखं बोलत. आई त्यांच्याशी तिच्या भाषेत, ते आईशी त्यांच्या, आणि मी मधल्यामधे जशी जमेल तशी. ह्या प्रकाराचं मूळ एका पत्रात होतं, असं आई म्हणे. माझ्या जन्माआधी बाबांनी कोड्यात "मांदेली" टाकली होती. त्यावर कोणा वाचकाचं पत्र आलं की आम्ही रविवारी सकाळी पूजा आटपून कोडं सोडवायला बसतो, कृपया त्यात मासळीबाजार भरवू नये. पुरवणीच्या टेबलावर ते मोठ्याने वाचून दाखवलं गेलं. सगळे हसले. बाबाही हसले असावेत. त्यानंतर त्यांच्या कोड्यात कधी मासा आला नाही. घरात रोज मासे, कोड्यात जाईजुई, पंचपात्र, उंबरठा. आई बाजारातून आल्या आल्या ते खिडकी उघडायला लागले तेही तेव्हापासूनच, असं तिच्या मनाने घेतलं होतं. खरं होतं की नाही मला माहीत नाही. खिडकी ते उघडत एवढं खरं.

एका दुपारी निवट्यांचं कालवण खाऊन झालं होतं आणि बाबा ताटावरून न उठता कोड्यातल्या एका कोपऱ्यावर अडले होते. पेरांवर अंगठा फिरत होता, हात वाळत होता. आई भांडी विसळता विसळता म्हणाली, "एवढी कोडी घालता लोकांना, माजं एक सोडवा."

"घाल," बाबा म्हणाले.

"पान्यान जल्मली, चिखलान नाचली, झाडावं चढली नि टोपान पडली. वलखा."

बाबांनी पेन्सिल घेतली, ठेवली. झाडावर चढणारी म्हटल्यावर ते वेलींकडे गेले, मग मुंग्यांकडे. मला उत्तर केव्हाच आलं होतं आणि मी तोंडावर हात धरून बसले होते. शेवटी आईने कालवणाच्या टोपाकडे बोट केलं आणि त्यांच्या ताटातला काटा उचलून दाखवला. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी त्यांना तसं हसताना पुन्हा पाहिलं नाही.

"टाका ना कोड्यान," आई म्हणाली. हात पुसत होती, पण पुसायचे थांबली होती.

बाबांनी मोजलं. "नि, व, टी. तीन घरं." मग पुन्हा चौकटीकडे वळत, "टाकीन कधीतरी."

लहानपणी मला "कधीतरी" हा शब्द खरा वाटे. आईलाही वाटला असावा. पुढे एकदोन रविवार तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आली काय गो निवटी?" मी नाही म्हटलं की "नसंल बसली" म्हणून कामाला लागे. नंतर विचारायची थांबली. मला वाटलं, विसरली.

आता छापखान्याची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कोडं आज आलं तर त्याचं उत्तर पुढच्या रविवारी येतं. बाबा कोडं आणि उत्तर वेगवेगळ्या कागदांवर काढत. पुरवणीवाले ते कागद आल्या आल्या वेगळे करत आणि उत्तरांचा गठ्ठा दुसऱ्याच कपाटात ठेवत, नाहीतर छपाईचे खिळे जुळवणारी पोरंच उत्तर फोडून मोकळी होत. शिवाय बाबा कधी आयत्या वेळी कोडं देत नसत. नवरात्रात टेंभी नाक्यावर एवढी गर्दी नि कर्णे की ऑफिसात डोकं चालत नाही, म्हणून आधीच बरीच कोडी रचून देऊन टाकायची त्यांची सवय होती. गणपती गेले की घरात सगळीकडे चौकटीच चौकटी. त्या वर्षी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त रचली. का, ते मला सांगता येत नाही. त्यांना काही कळलं होतं वगैरे मी मानत नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी बाबा ओट्यावर चपला घालायला वाकले आणि तसेच खाली बसले. डबा हातात होता. आई बाजारात होती. शेजारच्या हिराकाकींनी आणि मी त्यांना आडवं केलं, कोणीतरी रिक्षा आणायला धावलं, रिक्षा येईपर्यंत संपलं होतं. त्या दिवसाचं मला पुढचं काही नीट आठवत नाही. फक्त डब्यातली भाकरी संध्याकाळपर्यंत डब्यातच होती, आणि ती काय करायची हे घरात कोणाला सुचत नव्हतं, एवढं आठवतं. मी अठरा-एकोणीस वर्षांची होते.

मग रविवार आला. पेपर टाकणाऱ्याला कोणी नको सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्याने टाकला. घरात माणसं होती, बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी पेपर उचलून ठेवायला गेले आणि पुरवणीचं मागचं पान वर आलं. कोडं होतं. काळी घरं, पांढरी घरं, आडवे शब्द, उभे शब्द, सगळं जागच्या जागी. मी ते आईपासून लपवावं म्हणून घडी घातली, पण तिने बघितलं होतं.

"ह्यांचं हाय?" तिने विचारलं.

"त्यांचंच आहे. आधी दिलेलं."

तिने कागद मागून घेतला, मांडीवर पसरला आणि त्यावरून तळहात फिरवला. बायका रडायला लागल्या. आई रडली नाही. माणसं गेल्यावर संध्याकाळी म्हणाली, "पेन्सिल दे."

तेव्हापासून दर रविवारी आई कोडं सोडवायला बसू लागली. सोडवणं म्हणजे काय, मी सूत्र वाचायचं, शब्द मी सांगायचा, आणि तिने तिच्या मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात तो भरायचा. अक्षर घरात मावत नसे. कधी कधी एखादा शब्द तीही सांगे आणि बरोबर निघे. मग मान हलवून "ह्ये सोप्पं घातलंय" म्हणे. बाजारातून आलं की बाकी दिवस ती कोणाशी धड बोलत नसे, भाकरी एकदा करून ठेवी ती दोन्ही वेळा पुरे, स्टोव्ह पेटला नाही तरी तिला चालत होतं. रविवारी मात्र पाय धुऊन बसे. मला वाटलं, चला, काहीतरी विरंगुळा सापडला. मी कॉलेजात होते, मला स्वतःच्या दुःखाचंच फार कौतुक होतं, तिच्या आत काय चाललंय ते बघायला माझे डोळे मोकळे नव्हते. शिमग्याच्या सुमाराला केव्हातरी माझ्या लक्षात आलं की भरलेलं कोडं झालं की ती प्रत्येक तीन घरांच्या शब्दावर बोट ठेवते आणि पुटपुटते. मग कागद बाजूला सारते आणि तिचा चेहरा उतरतो.

"काय शोधतेस?" मी विचारलं.

"टाकीन म्हनालं होतं ना," ती म्हणाली.

मला एकदम रडू आलं आणि रागही आला. बाबांचा, त्या पत्रवाल्याचा, जाईजुई नि पंचपात्रांचा. मी म्हटलं, "आई, तो वाचकांसाठी लिहिलेला शब्द असतो, तुझ्यासाठी नाही. त्या पत्रानंतर त्यांनी कधी मासा टाकला नाही, आता कशाला टाकतील?"

"ते मना समजतं," ती म्हणाली. "मी फकस्त बगतंय, लाज वाटत व्हती काय त्यांना माजी."

मी पण तेच बघत होते की काय, कोण जाणे. त्या दिवसापासून आम्ही दोघी मिळून बघू लागलो. कोडं उघडलं की मी आधी तीन घरांचे शब्द शोधायची. "पायरी." "हळद." "कमळ." शब्द निघाला की आई म्हणे, "ऱ्हाऊ दे." रविवारमागून रविवार असे गेले. एक माणूस मेल्यानंतरही दर आठवड्याला आपल्याला थोडा थोडा नकार देतो, हे किती वाईट असतं ते मी कोणाला नीट सांगू शकलेले नाही. आज लिहितानाही जमलंय असं वाटत नाही.

उन्हाळा सरता सरता एका रविवारी कोड्याखाली बारीक अक्षरांत छापून आलं की पुढील रविवारपासून हे सदर बंद होत आहे. म्हणजे साठा संपला. आईला मी वाचून दाखवलं. तिने मान हलवली आणि पेन्सिल घेतली. त्या शेवटच्या कोड्यात उभ्या ओळीत सातव्या क्रमांकाला तीन घरांचा शब्द होता. त्याचं शेवटचं अक्षर आडव्या "पाटील"मधलं टी होतं, बाकी दोन्ही घरं मोकळी, कशाला न जोडलेली. मी सूत्राकडे न बघताच आईचा हात धरला. मग सूत्र वाचलं. सूत्र होतं: परीक्षा.

"कसोटी," मी म्हटलं.

आईने ते भरलं. क, सो, टी. मग तिने पेन्सिल फुटक्या कपात ठेवली, कपासकट उचलली आणि फडताळाच्या मागच्या बाजूला सारली. त्या दुपारी ती जेवली नाही. पेपर बंद कर, म्हणाली. महिना संपत आला होता, मी म्हटलं तोवर येऊ दे.

म्हणून पुढच्या रविवारी पेपर आला. कोडं नव्हतं, त्या जागी मसाल्याची जाहिरात होती आणि तिच्याखाली गेल्या कोड्याचं उत्तर. मी ते सहज बघितलं, कारण सवय. उभ्या सातच्या घरांत छापलं होतं: नि, व, टी.

मी ओट्यावरून हाक मारली ती कशी मारली मला माहीत नाही, पण हिराकाकीसुद्धा पिठाच्या हाताने धावत आल्या. आईने कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. बोटाने एकेक अक्षर लावलं. मग खाली बसली आणि रडायला लागली. बाबा गेले तेव्हा जे रडली नव्हती ते सगळं. आणि रडता रडताच हिराकाकींना सांगत होती, "माजी हाय. मी सांगल्याली हाय ही." तो कागद पदराखाली घेऊन ती सगळ्या रांगेत फिरली. दुसऱ्या दिवशी बाजारात नेला. तिथल्या बायकांतल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनीही बघितला. "आपली निवटी पेपरान आली," असं म्हणत होत्या. आईने त्या आठवड्यात दोन्ही वेळा स्टोव्ह पेटवला. सूत्र "परीक्षा" आणि उत्तर "निवटी" हे जुळत कसं नाही, हा प्रश्न मला पडला होता, पण मी तो बोलून दाखवला नाही. आईला तो पडलाच नाही. तिचं उत्तर तिला मिळालं होतं.

त्याच्या पुढच्या रविवारी त्याच जागी एक चौकट होती. मी ती इतक्या वेळा वाचली आहे की पाठ आहे. "दुरुस्ती: गेल्या रविवारी प्रसिद्ध झालेल्या शब्दकोड्याच्या उत्तरात 'निवटी' हा शब्द चुकून छापला गेला आहे. वाचकांनी तेथे 'कसोटी' असे वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहोत."

ह्या वेळी लपवायला मला सवड होती. आई मागे मासे साफ करत होती. पण लपवून उपयोग नव्हता, कारण आदल्या आठवड्यापासून सगळी रांग तो पेपर वाचू लागली होती. हिराकाकींच्या मुलाने वाचून दाखवला. आईने ऐकून घेतलं आणि मला एवढंच विचारलं, "चूक म्हंजे कोनाची?"

सोमवारी मी पूल चालत ओलांडून बाबांच्या ऑफिसात गेले. पुरवणीचं काम सोमण नावाचे एक गृहस्थ बघत, बाबांच्या मयताला आले होते ते. भांडायचं म्हणून मी गेले होते, पण त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "पत्रांचा पाऊस पडला हो. निवटी काय, निवटी काय." मग त्यांनी सांगितलं ते असं: बाबांच्या साठ्यातलं ते शेवटचं कोडं. त्यात हा शब्द होता. सोमणांना तो ठाऊक नव्हता, ऑफिसात कोणाला सांगता येईना, कोशात सापडला नाही. त्यांना वाटलं, बाबांच्या हातून काहीतरी राहून गेलंय. वाचकाला असं कसं द्यायचं म्हणून त्यांनी तेवढं एक सूत्र बदललं, शेवटी टी बसणारा शब्द शोधला. उत्तराचा कागद दुसऱ्या कपाटात होता, तो बदलायचा राहिला. "विचारायला ते नव्हते ना," सोमण म्हणाले.

"आम्ही होतो की," मी म्हटलं. "पूल ओलांडला की घर."

त्यांचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हता. पुन्हा दुरुस्ती छापा, हा शब्द आहे, खाडीतला मासा आहे असं छापा, असं मी म्हटलं, तर म्हणाले, दुरुस्तीची दुरुस्ती छापली तर लोक हसतील. ते मला पटलं नाही. उठताना मी विचारलं की बाबांनी सूत्र काय दिलं होतं. स्वतः खोडलेलं असल्यामुळे त्यांना ते नीट आठवत होतं. "चिखलात नाचते, झाडावर चढते," ते म्हणाले. "आता तूच सांग, माझ्यासारख्याने काय समजायचं?" आणि दाराशी आल्यावर म्हणाले, "तुला येतात का गं रचता? सदर बंद करणं जिवावर आलंय माझ्या."

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. सूत्र सांगितलं तेव्हा तिने ते दोनदा म्हणून घेतलं. "माजंच हाय ते," म्हणाली. "टोपान पडली तेवढं सोडलंय." तिच्या तोंडावर जरासं हसू आलं, पण ते टिकलं नाही. बाबांनी शब्द टाकला होता. तिला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर तिला मिळालं होतं, आणि ते आम्हा दोघींखेरीज कोणालाच ठाऊक होणार नव्हतं. बाजारातल्या बायकांच्या लेखी निवटी ही पेपराची चूक होती. दुसऱ्या दिवशी एकीने तिला हसत विचारलंही, "काय गो, परत केली काय निवटी?" आई तो कागद पुन्हा बाजारात घेऊन गेली नाही.

सोमणांनी रचायला सांगितलंय, हेही मी सांगितलं. मी मनाशी ठरवूनच आले होते. पहिल्याच कोड्यात, पहिल्याच शब्दाला निवटी. आईने फडताळाच्या मागून कप काढला, पेन्सिली पदराने पुसल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या.

"घाल कोडी," ती म्हणाली. "पन निवटी टाकू नको."

"का?"

"परत माफी मागतील."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. मी तिचं ऐकलं. आधी त्या दैनिकात आणि ते बंद पडल्यावर इतर ठिकाणी मी कोडी रचत आले. लग्न होऊन डोंबिवलीला गेले, तिथून ठाकुर्लीला आले, आता पाचव्या मजल्यावर राहते, इथून खाडी दिसत नाही. बोटाच्या पेरांवर माझाही अंगठा चालतो आणि माझ्या मुलीला माझा तसाच राग येतो. काळी घरं आता संगणक काढून देतो, लोक फोनवर कोडी सोडवतात, शब्द अडला की फोनलाच विचारतात. माझ्या कोड्यांत मांदेली येऊन गेली, बोंबील आला, खाडीकाठचं खाजण आलं, कोणी पत्र पाठवलं नाही. निवटी नाही टाकली. किती वेळा ती आपण होऊन कोपऱ्यात येऊन बसली. नि आणि टी समोर असत, मधलं घर रिकामं, आणि मी सगळा कोपरा खोडून दुसरा मांडत असे. आई शेवटची बरीच वर्षं माझ्याकडेच, आतल्या खोलीत होती. तिला दिसत नसे तरी रविवारी विचारी, "आज काय घातलंय?" मी शब्द वाचून दाखवी. तीन घरांचे आले की ती अजून थोडी थांबे, मग "बरं" म्हणे.

मागच्या हिवाळ्यात आई गेली. त्यानंतर मी जे पहिलं कोडं रचलं, त्यात उभ्या सातला तीन घरं ठेवली आणि सूत्र लिहिलं, "चिखलात नाचते, झाडावर चढते." रविवारी ते छापून आलं. पुढच्या रविवारी उत्तर आलं, नि, व, टी, जसं द्यायचं तसं. त्याच्या पुढच्या रविवारी मी सकाळी लवकर उठून पेपर उघडला आणि ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं, जाहिरातींच्या मधल्या फटीसुद्धा. दुरुस्ती कुठेच नव्हती. कोणी माफी मागितलेली नव्हती. मी कागद घेऊन आतल्या खोलीच्या दाराशी गेले, आणि मग आठवलं की सांगायला तिथे कोणी नाही.